कौटुंबिक फाउंडेशनकडे निधी मागायचाय? नाशिकच्या छोट्या संस्थांसाठी पायऱ्या

कारखानदारी, द्राक्षं, बांधकाम, सराफी अशा धंद्यांतून वर आलेल्या घराण्यांची ट्रस्ट आणि फाउंडेशन नाशिकमध्ये ठिकठिकाणी आहेत. कुणाचं ऑफिस गंगापूर रोडला असतं, कुणाचं सातपूर-अंबडला कारखान्याच्या आवारातल्या एका खोलीत, तर कुणाचं नुसतं लेटरहेड. सरकारी योजनेसारखी जाहिरात यांची निघत नाही, अर्जाचा छापील नमुना बहुतेकांकडे नसतो आणि ‘कुणाला भेटायचं’ इथेच नव्या संस्था अडकतात.

मी बरीच वर्षं पेठ-सुरगाण्यात काम करणाऱ्या एका संस्थेसाठी अर्ज लिहिले. आता अशाच एका फाउंडेशनकडे येणारे अर्ज आधी वाचते आणि विश्वस्तांपुढे ठेवते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. निर्णय होतो तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसता. चार-पाच जण बसलेले असतात: घरातले वडीलधारे अध्यक्ष, मुलगी किंवा सून, घरचे सीए, एखादे डॉक्टर स्नेही. त्यांच्यापैकी एकाला तुमचं काम मनापासून आवडलेलं असतं आणि बाकीच्यांना पटवायचं काम त्या एकावर पडतं. त्या माणसाला बोलायला सोपं जाईल असा कागद तयार करायचा, एवढंच तुमच्या हातात असतं.

१. पैसा कुठला आहे ते आधी ओळखा

बाहेरून सगळी फाउंडेशन सारखीच दिसतात, पण आतला पैसा वेगवेगळा असतो आणि त्यावरून तुमची पात्रता ठरते.

पहिला प्रकार म्हणजे घरच्या देणगीवर किंवा ठेवींच्या व्याजावर चालणारा ट्रस्ट. हा तुमची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी आयकर खात्याची नोंदणी) आधी पाहतो. त्याला स्वतःच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर लावायचा असतो आणि दुसऱ्या संस्थेला दिलेली रक्कम नोंदणीकृत संस्थेलाच गेली पाहिजे, हे त्यांचे सीए पाहतात. ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) हवं असतं ते घरच्या माणसाला किंवा कंपनीला, स्वतःच्या नावावर देणगी देताना. ट्रस्टला त्याचा फारसा उपयोग नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे घरच्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपनीला कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करावा लागणारा पैसा. नाव फाउंडेशनचं असलं तरी पैसा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा असतो. तिथे १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात, सीएसआर-१ नोंदणीचा (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेनं कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची नोंदणी) क्रमांक लागतो आणि त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. संस्था परवा नोंदवली असेल तर इथे रांगेत उभं राहू नका, वेळ जाईल.

तिसरा प्रकार कमी दिसतो, पण गोत्यात आणतो. कुटुंबातली मुलं अमेरिकेत असतात आणि ‘आम्ही थेट तिकडून पाठवतो’ असं प्रेमानं म्हणतात. पाठवणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं पैसे येत असतील तर ती विदेशी देणगी ठरत नाही. मात्र तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असो वा नसो, तर एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. इथल्या एफसीआरए असलेल्या संस्थेमार्फत तो पैसा वळवून घेण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीनं बंद झाली आहे. नात्याचा माणूस असला तरी पासपोर्ट कुठला, हे नीट विचारून घ्या.

पैसा कुठला हे कळायचं कसं? कंपनीचा वार्षिक अहवाल, फाउंडेशननं आधी मदत केलेल्या संस्था, आणि सगळ्यात सोपं म्हणजे फोन करून विचारणं. ‘तुमच्याकडे सीएसआरचा निधी असतो की ट्रस्टचा?’ या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उलट समोरच्याला कळतं की तुम्ही तयारीनं आला आहात.

२. फाइल लावा

ही यादी पहिल्या फोनच्या आधी तयार ठेवा. मूळ कागद बाहेर देऊ नका. प्रत्येकाची स्पष्ट स्कॅन प्रत ठेवा, मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको.

- नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना किंवा न्यासपत्र
- धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा ताजा उतारा (संस्थेची आणि विश्वस्तांची नोंद असलेला)
- संस्थेचं पॅन
- १२ए आणि ८०जीचे आदेश
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक
- सीएसआरचा पैसा असेल तर सीएसआर-१
- तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद आणि जमाखर्चासह
- आयकर विवरणपत्राच्या पोचपावत्या
- रद्द केलेला चेक
- विश्वस्तांची यादी, त्यांचे व्यवसाय आणि एकमेकांशी असलेलं नातं
- अर्ज करण्याचा आणि सही कोण करणार याचा ठराव

यातल्या चार ठिकाणी फायली अडतात.

पहिलं ठिकाण म्हणजे चेंज रिपोर्ट. जुने अध्यक्ष वारले, सचिवांनी राजीनामा दिला, नवे आले. इतिवृत्तात सगळं आहे, पण धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर अजून जुनीच नावं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि मग तारखा पडत राहतात. फाउंडेशनचे सीए उतारा आणि ठराव शेजारी ठेवून बघतात. सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसेल तर फाइल बाजूला पडते. चेंज रिपोर्ट दाखल केलेला असून निकाल बाकी असेल तर दाखल केल्याची पोच जोडा. त्यावर बरेच जण समाधान मानतात.

दुसरं, नावाचं इंग्रजी स्पेलिंग. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द नोंदणीवर एका प्रकारे, पॅनवर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्याच प्रकारे लिहिलेला असतो. सीएसआर-१ भरताना हे हमखास नडतं. पॅनप्रमाणे बाकीचे कागद दुरुस्त करून घेणं सहसा सोपं पडतं.

तिसरं, तात्पुरती १२ए. नव्या संस्थेला पहिली नोंदणी तीन वर्षांची तात्पुरती मिळते. ती संपायच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ‘अजून दोन वर्षं आहेत’ म्हणत बसलेल्या संस्था इथे फसतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना सगळे अजून १२ए, ८०जीच म्हणतात म्हणून मीही तेच वापरते आहे. अर्ज भरताना मात्र सीएला विचारूनच भरा.

चौथं, एकाच घरातले विश्वस्त. नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा खजिनदार. कायद्यात त्याला बंदी नाही. पण एक कुटुंब दुसऱ्या कुटुंबाला पैसे देतंय असं ते दिसतं आणि बैठकीत कुणीतरी ते बोलून दाखवतंच. बाहेरचे दोन-तीन जाणते विश्वस्त घ्या. गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका किंवा आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या परिचारिका चालतील. वजनदार नावांचीच गरज आहे असं नाही.

३. ओळख काढा, पण वशिला लावू नका

नगरसेवकाचं, आमदाराचं शिफारसपत्र जोडायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कौटुंबिक फाउंडेशनमध्ये ते उलटं पडू शकतं, कारण राजकारणापासून चार हात लांब राहता यावं म्हणून अनेक घराण्यांनी दानधर्माला असं वेगळं रूप दिलेलं असतं. त्यापेक्षा ज्या संस्थेला त्यांनी आधी मदत केली आहे तिच्या कार्यकर्त्याला भेटा. नाशिकचं सामाजिक वर्तुळ लहान आहे, दोन फोनांत माणूस सापडतो. ‘त्यांच्याकडे अर्ज कोण वाचतं आणि कुठल्या विषयाला ते हातच लावत नाहीत?’ एवढं विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. घरातलं कुणी कर्करोगानं गेलं म्हणून फक्त आरोग्याला देणारी कुटुंबं असतात, आजीच्या नावानं फक्त मुलींच्या शिक्षणाला देणारी असतात. तिथे पाणलोटाचा अर्ज कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

इथेच एक सावधगिरी. ‘अमुक कंपनीचा सीएसआर मिळवून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. ‘चेक मोठा देऊ, त्यातले इतके रोख परत करा’ म्हणणारेही भेटतील. पहिल्याला नमस्कार करा. दुसऱ्याच्या पुन्हा वाटेला जाऊ नका, कारण खोट्या खर्चाच्या पावत्या तुम्हाला फाडाव्या लागतात, सह्या तुमच्या विश्वस्तांच्या असतात आणि नोंदणी जाते ती तुमच्या संस्थेची.

४. दोन पानांची टिपणी

चाळीस पानी प्रस्ताव कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण ते माझं काम आहे. विश्वस्तांपर्यंत त्याची दोनच पानं जातात. ती दोन पानं मी लिहिण्यापेक्षा तुम्हीच लिहिलेली बरी.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. सुरगाणा तालुक्यातल्या दोन पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवायचे आहेत. भात-नागलीची कापणी झाली की आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, मुलं आजी-आजोबांकडे राहतात आणि शाळा हळूहळू सुटत जाते. अशा ६० मुलांसाठी हे काम आहे.

बहुतेक अर्ज ‘शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे’ इथून सुरू होतात आणि दुसऱ्या पानापर्यंत पाडा येतच नाही. तुम्ही पहिल्याच ओळीत पाडा, मुलं, महिने आणि रक्कम सांगा: ‘सुरगाण्यातल्या दोन पाड्यांवरच्या ६० मुलांसाठी दहा महिने संध्याकाळचे वर्ग, मागणी ३ लाख रुपये.’ मग परिस्थिती एका परिच्छेदात, तीही तुम्ही स्वतः मोजलेली. जिल्ह्याची साक्षरता किंवा देशातलं गळतीचं प्रमाण इंटरनेटवरून उचलून घालू नका. ‘मागच्या हंगामात या दोन पाड्यांवरून किती कुटुंबं बाहेर गेली, किती मुलं मागे राहिली, त्यातली किती शाळेत जात राहिली’ ही पाड्यावर बसून केलेली यादी पुरेशी आहे. ती यादी फक्त तुमच्याकडेच असते.

नंतर खोलीत निघणारे प्रश्न. गेल्या काही वर्षांत ऐकलेले नेहमीचे तीन देते.

‘सरकार आश्रमशाळा चालवतंच की, मग हे कशाला?’ आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्यामुळे हा प्रश्न इथे विचारला जाणारच. उत्तर भांडखोर नको. मुलं कुठल्या शाळेत जातात, त्या शाळेनंतरचे कुठले तास रिकामे आहेत आणि शिक्षकांशी तुमचं बोलणं झालंय का, हे लिहा. मुख्याध्यापकांचं चार ओळींचं पत्र जोडलंत तर प्रश्न तिथेच मिटतो.

‘आपण पैसे थांबवले की काय होणार?’ ‘प्रकल्प स्वावलंबी होईल’ असं लिहू नका. पाड्यावरचा अभ्यासवर्ग कधीच स्वतःच्या पायावर उभा राहत नाही आणि हे धंद्यातल्या माणसांना तुमच्यापेक्षा लवकर कळतं. पुढच्या वर्षी आणखी कुणाकडे मागणार, गाव काय देणार (खोली, वीज, वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या दोन बाया), कुठला खर्च पहिल्याच वर्षापुरता आहे, ते लिहा.

‘यांनाच का द्यायचं?’ इथे तुमचं आतापर्यंतचं काम येतं. पुरस्कारांची यादी नको. ‘या पाड्यांवर आम्ही २०२१ पासून येतो, आमची कार्यकर्ती तिथलीच आहे’ या धर्तीचं एक खरं वाक्य पुष्कळ काम करतं.

भाषेबद्दल एकच सांगते. मराठीत लिहायला घाबरू नका. कुटुंबातले निर्णय घेणारे वडीलधारे पुष्कळदा मराठीच आरामात वाचतात. सीएसआर असेल तर इंग्रजी प्रत सोबत द्या. पण मोबाइलवर भाषांतर करून घेतलेलं इंग्रजी अजिबात नको.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर गोदावरी स्वच्छता, आरोग्य शिबिरं, अन्नछत्रं यांचे अर्ज सगळीकडे पडणार हे उघड आहे. तुमचं काम त्यातलं नसेल तर ओढूनताणून कुंभाशी जोडू नका.

५. बजेट : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

वरच्या उदाहरणाचं बजेट असं मांडता येईल. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्याकडचे दर वेगळे असतील.

- दोन शिक्षिकांचं मानधन, ५,००० × २ × १० महिने : १,००,०००
- अर्धवेळ समन्वयक, ८,००० × १० : ८०,०००
- प्रवास, ३,००० × १० : ३०,०००
- पुस्तकं, पाट्या, सौरदिवे : ४०,०००
- शिक्षिकांचं प्रशिक्षण : १५,०००
- हिशेबनीस आणि लेखापरीक्षणाचा वाटा : २०,०००
- कार्यालयाचा वाटा : १५,०००
- एकूण : ३,००,०००

म्हणजे एका मुलामागे वर्षाला ५,००० रुपये. हा भागाकार तुम्हीच करून टिपणीत लिहा. बैठकीत कुणीतरी मोबाइलवर करणारच आहे.

नव्या संस्था घाबरून मानधन आणि हिशेबनीस काढून टाकतात आणि सगळं बजेट वह्या-दप्तरांवर दाखवतात. मग वर्षभर कार्यकर्ती स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं भरते आणि फेब्रुवारीत वर्ग बंद पडतो. माणसांचा खर्च हाच या कामाचा खर्च आहे, तो लपवायचं कारण नाही. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाचच टक्के चालतो’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या थेट खर्चावर नाही. एखादं फाउंडेशन स्वतःचा नियम म्हणून कमी टक्के ठेवू शकतं, तो त्यांचा अधिकार. पण कायदा म्हणून ते ऐकून घेऊ नका.

‘संकीर्ण’ किंवा ‘इतर’ या नावाची ओळ ठेवू नका. मोठ्या वस्तूंसाठी दोन दुकानांची दरपत्रकं जोडा.

६. भेट

अर्ज आवडला तर कुणीतरी बघायला येतं. शाल-श्रीफळ, बॅनर, मुलांचं स्वागतगीत हे सगळं टाळा. पाहुणे सावळघाटातून दोन तास गाडी हलवत आलेले असतात. त्यांना पाणी द्या, बसू द्या आणि रोज चालतो तसा वर्ग चालू द्या. शिक्षिकेच्या वतीनं संस्थाप्रमुख बोलायला लागले की बघणाऱ्याला लगेच जाणवतं. एखाद्या आजीबाईंनी ‘पोरं रात्री वाचतात, पण तुमचा दिवा महिनाभर बंद हाय’ असं सांगितलं तर मध्ये पडू नका. त्या वाक्यामुळे निधी अडल्याचं मी पाहिलेलं नाही, उलट पाहिलंय.

पावसाळ्यात तारीख देत असाल तर रस्ता आणि मोबाइलची रेंज याबद्दल आधीच सांगा. जेवण पाड्यावरचंच ठेवा: नागलीची भाकरी, उडदाची आमटी.

७. मंजुरी आणि पैसे हातात येणं

ट्रस्टचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ८५ टक्क्यांचा हिशेब तोवर जुळवायचा असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन येतो: ‘आठ दिवसांत कागद देता का?’ फाइल तयार असलेल्या संस्थेला तेव्हा काम मिळतं. मात्र नियमित विचार होऊन द्यायचा निधी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच टिपणी दिलेली बरी.

काही फाउंडेशन तुमच्या खात्यावर पैसे देण्याऐवजी स्वतः साहित्य विकत घेऊन देतात किंवा दुकानदाराला थेट चेक देतात. नवख्यांना वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. बरेचदा कारण वेगळं असतं: २०२३-२४ पासून एका ट्रस्टनं दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला १०० रुपये दिले तर देणाऱ्याच्या हिशेबात त्यातले ८५ च खर्च म्हणून धरले जातात. थेट खर्च केला की पूर्ण धरला जातो. त्यांची ही अडचण माहीत असेल तर ‘साहित्य तुम्ही घ्या, मानधन आमच्या खात्यातून देऊ’ असा मधला मार्ग तुम्हीच सुचवू शकता.

पावती फाडताना ती कॉर्पस म्हणजे कायम निधीची फाडू नका. ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला कॉर्पससाठी दिलेली रक्कम त्यांच्या खर्चात धरलीच जात नाही. पावतीवर प्रकल्पाचं नाव लिहा. देणगी व्यक्तीची किंवा कंपनीची असेल आणि तुमच्याकडे ८०जी असेल, तर देणग्यांचं विवरण आयकर पोर्टलवर ३१ मेपर्यंत भरून त्यांना प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे राहिलं तर देणगीदाराची वजावट अडते आणि पुढच्या वर्षी तो तुमचा फोन उचलत नाही.

करारनामा आला तर तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका: हप्ते कशावर अवलंबून आहेत, उरलेला पैसा परत करायचा की पुढे नेता येतो, आणि फोटो-नावाचा वापर. वर्गाबाहेर देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यात धंद्याची जाहिरात नसली तर त्यावर जीएसटी लागत नाही, असं २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. त्यांच्या उत्पादनाचा फलक लावायला सांगितला तर मात्र सीएला विचारा. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय देणार नाही, हे करारातच घालून घ्या. याला अजून तरी कुणी नाही म्हटलेलं माझ्या पाहण्यात नाही.

८. पैसे आल्यानंतर

हिशेबात या निधीचं वेगळं खातं उघडा. वेगळं बँक खातं त्यांनी मागितलं तरच. प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव टाका. मानधन बँकेतूनच द्या, रोखीनं नको, पाड्यावरच्या शिक्षिकेला बँक लांब पडत असली तरी.

सहा महिन्यांनी दोन पानी अहवाल न मागता पाठवा. त्यात बिघडलेलंही लिहा: एक शिक्षिका सोडून गेली, जानेवारीत हजेरी निम्म्यावर आली, त्यावर काय केलं. बजेटची एक ओळ दुसरीकडे वळवायची असेल तर खर्च करण्याआधी ईमेलवर विचारा. आधी विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. वर्ष संपल्यावर सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, त्याला सीएकडे वेळ लागतो, म्हणून एप्रिलमध्येच कागद देऊन ठेवा. जून-जुलैत सगळ्यांची धावपळ सुरू झाली की तुमचं प्रमाणपत्र गठ्ठ्यात तळाला जातं.

नकार आला तर आभाराचा छोटा निरोप पाठवून एवढंच विचारा की विषय बसत नव्हता, रक्कम जास्त होती की कागद अपुरे होते. पहिलं कारण असेल तर दुसरं दार बघा. बाकी दोन असतील तर पुढच्या ऑगस्टमध्ये दुरुस्त केलेली टिपणी घेऊन पुन्हा जा. तेच लोक तीच फाइल काढून वाचतात.